पोरांना जरा वाघ बघू द्या! नागपूरकर मोठ्यांना खुलं पत्र

प्रति,
थंडीच्या सुट्टीत लहान पोरांना प्राणिसंग्रहालयात नेणारे समस्त आई-बाबा, आजी-आजोबा, काका, मामा, आत्या आणि सोबत आलेले पाहुणे,
नागपूर.

स. न. वि. वि.

प्राणिसंग्रहालय चालवणाऱ्यांना पत्रं लिहिणारे आपल्या गावात पुष्कळ आहेत. निवेदनं झाली, बातम्या झाल्या, २०१८ साली महाराजबाग प्राणिसंग्रहालयाच्या मान्यतेवरून केवढा गदारोळ झाला तोही आपण वाचला. त्यात मला भर घालायची नाही. मी लिहितेय ते तिकीट काढून आत जाणाऱ्या मोठ्या माणसांना. पोरांना यातलं काही सांगायला नको, त्यांना प्राणी बघता येतो. मधे आपण येतो.

नाताळच्या सुट्टीत किंवा थंडीतल्या कुठल्याही रविवारी वाघाच्या पिंजऱ्यासमोर उभे राहा आणि पाच मिनिटं वाघाऐवजी माणसांकडे बघा. चार वर्षांचं पोरगं कठड्याला धरून टाचा उंच करून आत बघत असतं. नुकतं कुठे त्याला वाघ सापडलेला असतो, कारण वाघ सावलीत असतो आणि पट्ट्यांमुळे चटकन दिसत नाही. तेवढ्यात बाप त्याचे खांदे धरून त्याला गर्रकन वळवतो, वाघाकडे पाठ करून उभं करतो आणि मोबाईल वर धरून म्हणतो, "इकडे बघ, इकडे बघ!" पोरगं मान मागे वळवतं. आई कानटोपी सारखी करते. आजी म्हणते, "हास रे थोडा." मामा टाळ्या वाजवतो. शेवटी कसाबसा फोटो निघतो. त्यात पोरगं रडकुंडीला आलेलं आणि मागे जाळीआड एक पिवळा डाग. लगेच हुकूम सुटतो, "चला, वाघ झाला. आता अस्वल कुठे आहे?"

वाघ पोराचा अजून व्हायचा असतो. आपला झालेला असतो.

मला म्हणायचंय ते एवढंच, की चारच प्राणी बघा पण पोरगं "चल" म्हणेपर्यंत तिथे थांबा. आणि प्राणी जसा असेल तसा असू द्या, त्याला आपल्यासाठी उठवू नका. हे वाचायला सोपं वाटतं. पाहुण्यांचा गोतावळा, दोन गाड्या, डबे, बारा वाजता जेवायची घाई आणि "अजून तिकडचं राहिलंच की" असं म्हणणारा एक काका सोबत असला की किती अवघड होतं ते मला विचारा.

उठवण्याचं आधी बोलू. "अबे, हा तर झोपूनच राहिला!" हे आपल्याकडे वाघासमोर सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य. सूर असा की तिकिटाचे पैसे बुडाले. मग पैसे वसूल करायची मोहीम सुरू होते. शिट्ट्या, "ओ शेर, ओ शेर", कठड्यावर बांगड्यांचा नाहीतर किल्ल्यांचा आवाज, आणि कुणी फारच शूर असेल तर खडा. वाघ दिवसाचे पंधरा-सोळा तास सहज पडून काढतो. जंगलातलाही तसाच. त्याची शिकार पहाटे, तिन्हीसांजेला आणि रात्री. मोठी शिकार रोज मिळत नाही, म्हणून ताकद राखून ठेवणं हेच त्याचं शहाणपण. ताडोब्याला पहाटे थंडीत कुडकुडत उघड्या जिप्सीतून जाऊन रस्त्याच्या कडेला झोपलेला वाघ दिसला की आपण वर्षभर ते सांगत फिरतो. तोच वाघ इथे झोपला की फसवणूक कशी काय होते?

शिवाय हा नुसता चांगल्या-वाईट सवयीचा मामला नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यातलं कलम ३८-जे प्राणिसंग्रहालयात येणाऱ्यांसाठीच आहे. प्राण्याला चिडवणं, इजा करणं, खायला घालणं, आवाज करून किंवा आणखी कशाने त्रास देणं आणि आवारात कचरा करणं, हे सगळं त्यात बसतं आणि त्याला कैदेचीही शिक्षा आहे. पाटीवर ते लिहिलेलं असतं. पाटीला टेकून आपण फोटो काढतो.

आता मला खरं आवडतं त्या ठिकाणी येते. चितळ.

चितळांच्या कुंपणासमोर गर्दी नसते. "हरणं आहेत, चला पुढे." माझी धाकटी तिथेच रुतून बसली होती आणि मी तिच्यामागे बाटल्यांची पिशवी घेऊन उभी होते, म्हणून मला हे दिसलं. एक मादी उन्हात पाय पोटाशी घेऊन बसलेली. जबडा हलत होता, पण खाली-वर नाही, आडवा. एका बाजूला सरकायचा, परत यायचा. बराच वेळ असं चाललं. मग ती थांबली, गिळली, क्षणभर काहीच नाही. आणि मग मानेच्या खालच्या टोकाला कातडीखाली एक गोळा दिसला. तो सरसर वर चढला, तोंडात गेला आणि जबडा पुन्हा आडवा सुरू. पोरगी म्हणाली, "आई, तिच्या गळ्यातून चेंडू वर गेला."

रवंथ म्हणतात ते हेच, हे आपण शाळेत पाठ केलं. पोटाचे चार कप्पे, आधी भराभर चारा आत ढकलायचा, मग सुरक्षित जागी बसून पुन्हा तोंडात आणून नीट चावायचा. उघड्या रानात फार वेळ मान खाली घालून चरत राहिलं तर जिवावर बेतेल, त्यावरचा हा उपाय. पण गोळा मानेतून वर चढताना दिसतो, हे कुणी दाखवलं होतं का आपल्याला? मला तरी नाही. तो बघायला फक्त एका जागी थांबावं लागतं. वाघाच्या डरकाळीची कुणी हमी देऊ शकत नाही, चितळाच्या रवंथाची देता येते. ऊन पडलं, पोट भरलेलं असलं की ती बसणार आणि गोळा वर येणार.

तिथेच आणखी बघण्यासारखं आहे. चितळाच्या वरच्या जबड्याला पुढचे दात नसतात, म्हणून पानं चावून तोडताना ती मानेला हिसका देते. थंडीत काही नरांच्या शिंगांवर लवेची मऊ कातडी चढलेली दिसते, कारण चितळाची आणि सांबराची शिंगं गळून पुन्हा नवी येतात आणि वाढताना त्यांना रक्तपुरवठा लागतो. शेजारी रोही, म्हणजे नीलगाय, असेल तर त्याच्या शिंगांवर असलं काही नसतं, त्याची एकदा आली की जन्मभराची. पाच वर्षांच्या पोराला हे कळतं. "याची पडतात आणि त्याची पडत नाहीत" एवढं सांगितलं की ते स्वतःच प्रत्येक कुंपणापाशी जाऊन विचारायला लागतं, "याची पडतात का?"

रोहीवरून आठवलं. आपल्याकडे आबाजी-आजी सोबत येतात आणि बाकावर बसून पिशव्या सांभाळतात. हा केवढा तोटा! माझे सासरे काटोलकडचे. रोही बघून ते जे सुरू झाले, ते मला त्यांच्या तोंडून आधी कधीच ऐकायला मिळालं नव्हतं. हरभरा घाट्यावर आला की रोह्यांचा कळप रात्रीत कसा वावर साफ करतो, मग मळ्यावर जागलीला कसं जायचं, मचाणावर घोंगडी आणि खाली शेकोटी, डबे बडवायचे, रानडुकरं आली तर वेगळी ओरड. थोरला नातू तोंड उघडं टाकून ऐकत होता आणि समोर तोच प्राणी शांतपणे कान हलवत उभा. पाटीवर शास्त्रीय नाव होतं, उंची होती, वजन होतं. जागल नव्हती. तेव्हा म्हाताऱ्या माणसांना पिशव्यांपाशी बसवू नका, कुंपणापाशी न्या. नागपुरातल्या निम्म्याअधिक घरांत कुणाचं ना कुणाचं वावर आहे किंवा होतं.

आणि कृपा करून बिबट्याला चित्ता म्हणू नका. पोरगं विचारतं, "हा कोण?" आणि आपण ठणकावून सांगतो, "चित्ता!" भारतातला चित्ता १९५२ साली नामशेष म्हणून जाहीर झाला. २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियातून आणून मध्य प्रदेशात कुनोला सोडले, ते बातम्यांत आलं. आपल्या पिंजऱ्यातला तो बिबट. त्याच्या अंगावर ठिपक्यांची कडी असतात, चित्त्याच्या अंगावर भरीव ठिपके आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी रेघ. मोराचंही तसंच. थंडीत पिसारा नसलेला मोर दिसला की "ही लांडोर" म्हणून मोकळे. पावसाळा संपता संपता मोराची लांब पिसं गळतात आणि पुढच्या काही महिन्यांत पुन्हा येतात. मान निळीगर्द असेल तर तो मोरच, पिसारा असो नसो. माहीत नसेल तर "मलाही माहीत नाही, पाटी वाचू या" म्हटलं म्हणून आपली किंमत कमी होत नाही.

मगरीकडे आपण सगळ्यांत जास्त अन्याय करतो. "खोटी आहे बे, प्लास्टिकची आहे." मग ती खरी आहे की नाही ते ठरवायला खडा, नाहीतर नाणं. मगर हलत नाही कारण तिला हलायचं कारण नाही. आपल्यासारखी तिच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते. थंडीच्या सकाळी ती काठावर येऊन उन्हात पडते, अंग तापवते. ऊब कमी असली की पचन मंदावतं, म्हणून थंडीत ती खातेही कमी. तोंड उघडं ठेवून पडलेली दिसते तेव्हा ती कुणावर दबा धरून नसते, डोक्याचं तापमान सांभाळत असते. पोराला सांगा, तूही सकाळी अंगणात उन्हात बसून पाठ शेकतोस ना, तसंच. मग "ती डोळा कधी मिटते बघू" असा खेळ लावा. लहान पोरं यात मोठ्यांना हरवतात, हे मी पैजेवर सांगते.

खाऊ घालण्याबद्दल जास्त लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. फक्त एक गोष्ट. ज्या चितळाच्या गळ्यातून गोळा वर येतो, त्याच्या पोटात कुरकुऱ्याचं पाकीट गेलं तर ते ना वर येतं ना खाली जातं. तिथेच राहतं, साठत जातं, आणि पोट भरलेलं असून जनावर उपाशी मरतं. "एक संत्र्याची फोड दिली तर काय होते" असं म्हणणाऱ्या मावशींनाही हेच. फोड एकच असते, पण रविवारी मावशी किती असतात? संत्री, तुरीच्या उकडलेल्या शेंगा, तिखटमिठाच्या पुऱ्या, बोरं, सगळं घ्या, थंडीत नाही खायचं तर कधी? बाहेर येऊन डबे उघडा, सालं पिशवीत घरी आणा.

पोरगं शिंकत, खोकत असेल तर पुढच्या रविवारी जा. आपल्याला वाटतं रोग प्राण्यांपासून माणसाला होतो. उलटंही होतं. २०२१ च्या मे महिन्यात हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयातल्या आठ सिंहांना कोविड झाला होता. आणि २०२४ च्या डिसेंबरात आपल्या गोरेवाड्याच्या बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट बर्ड फ्लूने गेले, ते तर आपल्या घरचं दुःख. अशा काळात प्राणिसंग्रहालयं दारं लावून घेतात, औषधाच्या पाण्यातून पाय बुडवून आत जायला सांगतात. तेव्हा दारावरच्या माणसाशी भांडू नका. तो तुमची सहल बुडवायला तिथे उभा नसतो.

महाराजबाग की गोरेवाडा, असं मला बरेच जण विचारतात. माझं मत सरळ आहे, पटेल त्यांनी घ्यावं. पोरगं पाच वर्षांच्या आतलं असेल तर महाराजबाग. भोसल्यांच्या बागेत १८९४ पासून असलेलं हे प्राणिसंग्रहालय कृषी महाविद्यालयाकडे आहे, शहराच्या मधोमध आहे, आणि तिथे पायी फिरायचं असतं. पायी असलं की थांबणं आपल्या हातात. गोरेवाड्याची भारतीय सफारी २०२१ च्या २६ जानेवारीला सुरू झाली. जवळपास दोन हजार हेक्टरांचा प्रकल्प, वाघ-बिबट-अस्वलांना ऐसपैस जागा, प्राण्याच्या दृष्टीने पिंजऱ्यापेक्षा कितीतरी चांगली, यात वादच नाही. पण बस तिथे पोरासाठी थांबत नाही. वाघ उजवीकडे निघतो, पोरगं डावीकडच्या मांडीवर असतं, सगळी बस उभी राहते, "तो बघ, तो बघ!" आणि त्याला दिसतो समोरच्या काकांचा स्वेटर. तीन वर्षांचं पोर अर्ध्या वाटेत झोपी जातं, आणि त्याला उठवणारे आपण वाघाला उठवणाऱ्यांतलेच. सात-आठ वर्षांचं झालं की जरूर न्या. प्राणी न दिसणं हाही जंगलाचा भाग आहे, हे त्या वयात कळायला लागतं.

पोरं प्रश्न विचारतात. अवघड विचारतात. आपण तिथे सर्वांत जास्त घाई करतो म्हणून यावर थोडं सविस्तर.

"त्याची आई कुठे आहे?" हा प्रश्न येतोच. उत्तर खोटं देऊ नका. विदर्भातल्या बचाव केंद्रांत आणि प्राणिसंग्रहालयांत आलेले कितीतरी वाघ, बिबटे, अस्वलं हे आईपासून तुटलेली पिल्लं म्हणून, विहिरीत पडलेले म्हणून, जखमी म्हणून किंवा गावाशी संघर्ष झाला म्हणून आलेले असतात. पिल्लू दीड-दोन वर्षं आईसोबत राहून शिकार शिकतं. ते शिक्षणच झालं नाही तर जंगलात सोडून ते जगणार कसं? "त्याला कुणी शिकवलं नाही म्हणून तो इथे राहतो" हे चार वर्षांच्या पोराला समजतं. माझ्या थोरल्याने त्यावर विचारलं होतं, "मग आता शिकवा ना." याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. मग आम्ही तिथल्या राखणदार दादांना विचारलं. ते ओशाळं हसले आणि म्हणाले, "शिकवाले वाघीणच पायजे ना बाळा." माझ्या सगळ्या वाचनापेक्षा ते उत्तर सरस होतं. तर दादांशी बोला. दिवसभर ते माणसांना "मागे व्हा, मागे व्हा" एवढंच म्हणत असतात. कुणी धडाचं काही विचारलं तर त्यांना सांगायला खूप असतं. कुठला बिबट कुणाच्या आवाजाला ओळखतो, थंडीची तणस कुणाला किती टाकली, तरटाचे पडदे कधी सोडतात.

"तो सारखा इकडून तिकडे का जातो?" हा दुसरा. आपण म्हणतो, "बघ, कसा मस्त फिरून राहिला." वाघ एकाच वाटेवर, त्याच ठिकाणी वळत, तासन् तास येरझारा घालत असेल तर ते मस्त नसतं. कधी जेवायची वेळ झालेली असते, कधी कंटाळा असतो, जागेचा आणि उद्योगाचा अभाव असतो. म्हणून चांगल्या प्राणिसंग्रहालयांत ओंडके, पाण्याचे टाके, चढायला माच, लपवून ठेवलेलं खाणं असलं काहीबाही करतात. "त्याला कंटाळा आलाय" असं पोराला सांगितलं तर त्याला वाईट वाटेल, म्हणून आपण टाळतो. वाटू द्या की. वाईट वाटणं हे पोराला वाघाबद्दल जे जे वाटायला हवं त्यातलंच एक आहे.

मात्र वाघाची भीती घालू नका. "जेवला नाहीस तर वाघाला देऊन टाकीन", आणि वर पोराला उचलून जाळीकडे नेल्याचं नाटक. हे दृश्य बघून माझी ब्रह्मपुरीकडची आतेबहीण एकदा तिथून बाजूला झाली. तिच्याकडे उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला, तेंदूपत्त्याला बायका पहाटे रानात जातात आणि त्यातली एखादी परत येत नाही. तिच्या पोरांना वाघाची भीती शिकवावी लागत नाही. आपली शहरातली पोरं एकीकडे वाघाच्या टोप्या घालतात, आपल्या गावाला व्याघ्र राजधानी म्हणतात, आणि दुसरीकडे वाघ म्हणजे भात न खाणाऱ्याला नेणारा बागुलबुवा. दोन्ही वाघ खोटे. खरा समोर बसलेला आहे, कानांच्या मागे पांढरे ठिपके असलेला. ते ठिपके तुम्ही कधी बघितलेत का? त्याने मान वळवली की दिसतात. तोपर्यंत थांबावं लागतं.

कठड्यावर मात्र पोराला उभं करायचं नाही म्हणजे नाही. "मी धरलंय ना" हे उत्तर चालणार नाही. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात २०१४ च्या सप्टेंबरात एक तरुण पांढऱ्या वाघाच्या खंदकात पडला आणि जिवाला मुकला, आणि तो लहान पोरगाही नव्हता. दिसत नसेल तर पोराला खांद्यावर घ्या आणि कठड्यापासून दोन पावलं मागे उभे राहा. उंचावरून उलट जास्त दिसतं.

आता थोडं आपल्या थंडीचं. नागपूरची थंडी फसवी. २९ डिसेंबर २०१८ ला आपण ३.५ अंशांपर्यंत उतरलो होतो हे खरं, पण एरवी सकाळी नऊला हातमोजे आणि अकराला पोरगं घामाघूम, असा प्रकार. पोरं चिडचिड करतात ती बऱ्याचदा प्राण्यांना कंटाळून नाही, तीन स्वेटरांना कंटाळून. एकावर एक घाला, काढत जा, त्यासाठी रिकामी पिशवी न्या. दार उघडल्या उघडल्या गेलात तर प्राणी हालचालीत असतात, गर्दी कमी असते आणि पोरं ताजी असतात. जेवायच्या आत घरी या. पोरगं दमायच्या आधी बाहेर पडलं की पुढच्या वेळी स्वतःहून "चला" म्हणतं. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू असेल तर महाराजबागेचा बेत रविवारीच करा. आठवड्यात मोर्च्यांमुळे सिव्हिल लाइन्स, झिरो माइल, मॉरिस कॉलेज टी-पॉइंट सगळं बॅरिकेडांनी बंद असतं आणि गाडीत बसून पोरांना जे प्राणी दिसतात त्यांच्यापुढे पाटी नसते.

फोटोचं म्हणाल तर काढा ना, मी कुठे नाही म्हणते? आधी पोराचं बघून होऊ द्या. आणि एखादा फोटो पाठीमागून काढा. पोरगं वाघाकडे बघतंय आणि तुम्ही पोराकडे, असा. त्यात चेहरा येत नाही म्हणून आजी कुरकुर करतील, त्यांना दुसरा काढून द्या.

शाळांना आणि अंगणवाडीच्या ताईंनाही जाता जाता विनंती. साठ पोरांची रांग, दोरी धरून, "पुढे चला, पुढे चला" अशी सहल नेण्यापेक्षा पंधरा-पंधराच्या गटांनी न्या आणि प्रत्येक गटाला एकच कुंपण द्या. एका गटाने चितळ बघायचं, दुसऱ्याने मगर. मग परत आल्यावर त्यांनी एकमेकांना सांगायचं. भांडणं होतील. "आमची मगर भारी" म्हणून. होऊ द्या.

राहिलं ते शिट्टी मारणाऱ्यांचं. तो कुणीतरी परका असतो असं आपण धरून चालतो. बऱ्याचदा तो आपल्याच गाडीतून आलेला मामा असतो. राखणदार एक आणि माणसं हजार, तेव्हा त्याने कुणाकुणाला सांगायचं? मामाला आपणच सांगायचं, तेही गाडीत बसतानाच, पिंजऱ्यासमोर चारचौघांत नाही. तिथे सांगितलं की मामाचा मान जातो आणि तो दुप्पट जोरात शिट्टी मारतो. अनुभव आहे.

निघण्याआधी त्या दिवशी उघडं आहे ना ते विचारून घ्या. आठवड्यातून एक दिवस प्राणिसंग्रहालय बंद ठेवायचा नियम आहे, आणि बंद दारासमोर कानटोपीतलं पोरगं समजावत बसणं फार जड जातं.

कळावे,
आपल्यातलीच एक,
दोन पोरांची आई, नागपूर